रिकाम्या पोटी शाळा नको



न्याहारीविषयी चार शब्द आपल्यापुढे मांडायचे आहेत. विषय साधा वाटेल, परंतु मुलांच्या शिक्षणाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

‘न्याहारी’ आणि ‘नाश्ता’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतून आले. फारसीत ‘नाहार’ आणि ‘नाश्ता’ यांचा मूळ अर्थ एकच : सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. ते उपाशीपण मोडणारे पहिले अन्न म्हणजे न्याहारी.

आपल्या वऱ्हाडात निंदणाला, कापूस वेचायला जाणारी माणसे ज्वारीची शिळी भाकर, ठेचा आणि कांदा खाऊन कामाला लागत. चहा त्या मानाने अलीकडचा. 1903 साली चहाच्या निर्यातीवर कर बसला व त्या पैशातून देशात चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे रेल्वे स्टेशनांवर, गिरण्यांत चहा पोचला, तसा घरोघरीही आला. भाकरीच्या सोबतीला आलेला हा पाहुणा अनेक घरांत भाकरीच्याच जागी बसला!

कपभर चहावर शाळेत धावणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यातही मुलींचे हाल अधिक. घरातल्या सर्वांना चहा करून द्यायचा, धाकट्याला तयार करायचे आणि स्वतः तशीच निघायचे. मग वर्गात डोके दुखते, फळ्यावरची अक्षरे दिसतात पण मनात शिरत नाहीत. मास्तर म्हणतात, लक्ष नाही. खरे म्हणजे पोटात अन्न नाही.

शाळेतील पोषण आहार 1995 पासून आला, पण तो दुपारचा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सकाळच्या न्याहारीचीही शिफारस केली. तामिळनाडूने 2022 साली प्राथमिक शाळांत तशी योजना सुरू केली. आपण मात्र सरकारची वाट का पाहावी?

रमजानमध्ये आपण महिनाभर पहाटे उठतो. सहरीत बरकत आहे म्हणून गरिबातले गरीब घरही काही ना काही शिजवते, आणि एकमेकांना उठवून खाऊ घालते. जे एक महिना जमते ते अकरा महिने का जमू नये? रात्री दोन भाकरी जास्त थापा, मूठभर चणे भिजत घाला, गूळ-शेंगदाणे हाताशी ठेवा. हा भार एकट्या आईवर नको; वडिलांनी व मुलांनीही हात लावावा.

आणि पालकहो, मुलीने दप्तर उचलण्यापूर्वी तिला एवढेच विचारा, “बेटा, तू खाल्लेस काय?”