डॉल्फिनच्या पोटात काय?

डॉल्फिन आपली शिकार बहुधा पाण्याखाली पकडतो आणि अख्खी गिळतो. मग तो नेमकं काय खातो, हे शोधायचं कसं?

जुना मार्ग म्हणजे किनाऱ्याला लागलेल्या मृत डॉल्फिनचं जठर तपासणं. काम घाणीचं खरं, पण फार बोलकं. मासा पचून जातो, त्याच्या कानातले खडे मात्र मागे उरतात. प्रत्येक जातीचा खडा वेगळा, त्यामुळे माशाची जात कळते आणि आकाराचा अंदाजही येतो. माकुळाची चोच तर आणखी टिकते. म्हणूनच हिशेबात माकूळ उगाच जास्त भरतो, हे ध्यानात ठेवावं लागतं. शिवाय मेलेला प्राणी आजारी असेल, तर त्याचं शेवटचं जेवण नेहमीचं कशावरून?

जिवंत डॉल्फिनच्या कातडीचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या कार्बन-नायट्रोजनवरूनही आहाराचा माग काढतात.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात 1970 पासून डॉल्फिनचा अभ्यास चालू आहे. तिथे एक मजेशीर गोष्ट दिसली. आवाज करणारे मासे पाण्यात जितके आहेत, त्या मानाने डॉल्फिनच्या पोटात जास्त सापडले. म्हणजे डॉल्फिन बहुधा कान देऊन शिकार हेरतो. आपल्याकडचे घोळ आणि ढोमा अशाच आवाज करणाऱ्या माशांच्या कुळातले.

मृत डॉल्फिनच्या पोटातून इतकं कळतं, म्हणून कोकण किनाऱ्यावर तो दिसला, तर परस्पर पुरू नका. वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा.