टंचाईचे पहिले ओझे

(ग्वाल्हेर येथे मराठी भाषिकांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



ग्वाल्हेर शहराला पाणी पुरविणारे तिघरा धरण संस्थानी काळात सांक नदीवर बांधले गेले. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते फुटले व पुढे पुन्हा बांधावे लागले. पाणी नसले तरी संकट आणि अनावर झाले तरी संकट, हा अनुभव या भूमीला नवा नाही. मात्र हवामान बदलत चालल्याने उन्हाळा अधिक तापतो आणि पाऊस मोजक्या दिवसांतच कोसळतो. या बदलाचे ओझे खेड्यातील घरात प्रथम कोणावर पडते? माझे उत्तर असे, की ते घरातील किशोरवयीन मुलीवर पडते.

विहीर आटली की पाणवठा लांब जातो. आई मजुरीला गेलेली असते, म्हणून हंडा मुलीच्या डोक्यावर येतो. आधी शाळेचा पहिला तास बुडतो, मग दिवस बुडतो आणि अखेरीस पटावरील नाव कमी होते. पुराचेही तसेच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सिंध नदीच्या महापुराने शेजारच्या दतिया जिल्ह्यातील पूल वाहून गेले. अशा वेळी मुलगा वळसा घालून शाळा गाठतो. मुलीला मात्र "पूल होईपर्यंत घरीच राहा" असे सांगितले जाते.

महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याकडे पाहा. अवर्षणाने गांजलेली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात. तेथे नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादमाची उचल जोडीच्या हिशेबाने मिळते. मुलीला एकटी मागे ठेवण्याची आईबापांना धास्ती वाटते. मग लग्न करून दिले की जबाबदारी संपली आणि नवा कोयताही तयार झाला, असा हिशेब मांडला जातो. २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह करणे गुन्हा ठरविले आहे. परंतु पोटाच्या चिंतेपुढे केवळ कायद्याचा धाक पुरत नाही.

म्हणून ग्रामस्थांना माझी विनंती आहे, की पाण्याचा आराखडा ठरविताना पाणी कोण भरते हे आधी विचारा आणि त्या मुलींना सभेत बोलू द्या. शिक्षकांनी सलग गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या घरी जावे. विवाहाची कुणकुण लागताच १०९८ या क्रमांकावर कळवावे. अधिकाऱ्यांनी पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात मुलींसाठी स्वतंत्र शौचालय, दिवा आणि मासिक पाळीचे साहित्य यांची व्यवस्था पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी. स्थलांतरितांच्या मुलींसाठी गावातच निवासाची सोय झाली, तर त्यांचे शिक्षण टिकेल.

पाऊस आपल्या हाती नाही. तो चुकला म्हणून मुलीचे शिक्षण चुकू न देणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.