दोरा आधी, चामडं नंतर



‘बायबल कसं निवडावं’ हा विषय पत्रिकेत छापून आल्यापासून मला तीन फोन आले. तिघांनाही वाटलं, मी भाषांतरांची तुलना करणार. तसं काही नाही. पाळकसाहेब समोर बसले आहेत, तो प्रांत त्यांचा. मी बोलणार आहे तो दोरा, गोंद, कागद आणि कातडं यांच्याबद्दल.

माझ्या दृढीकरणाला आत्यानं मला काळ्या चामड्याचं, सोनेरी कडांचं इंग्रजी बायबल दिलं होतं. घरात त्याचं कोण कौतुक! चौथ्या वर्षी भर उपासनेत उत्पत्तीची पहिली दहा-बारा पानं पंख्याच्या वाऱ्यानं उडाली आणि बाकांखाली पसरली. नगरच्या एका बाइंडरकडे ते घेऊन गेलो. त्यानं चामड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुस्तक उभं धरून कण्याच्या टोकात डोकावला आणि म्हणाला, “साहेब, याला शिलाईच नाही. वर कोट आहे, आत बनियन नाही.”

आजचं सगळं व्याख्यान म्हणजे त्या वाक्याचा विस्तार आहे.

पुस्तक दोन तऱ्हांनी बांधतात. छापलेल्या कागदाच्या घड्या करायच्या, प्रत्येक घडीच्या मधोमध दोरा ओवायचा आणि ती घडी शेजारच्या घडीशी शिवायची, ही जुनी रीत. दुसऱ्या रीतीत घड्यांची पाठच कापून टाकतात आणि सुट्या पानांच्या कडेला गोंद लावतात. तिला ‘परफेक्ट बाइंडिंग’ म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती म्हणायची. दोनशे पानांच्या कादंबरीला ती चालते. पण बायबलमध्ये सहासष्ट पुस्तकं, कॅथलिक प्रतीत त्र्याहत्तर. एवढा मजकूर हातात मावायचा तर कागद पातळ हवा. आपल्या नेहमीच्या पुस्तकाचा कागद चौरस मीटरला सत्तर-ऐंशी ग्रॅमचा असतो, बायबलचा बहुधा तीस-चाळीसचा. एवढ्या बारीक कडेला गोंदानं धरायचं तरी कुठे?

म्हणून दुकानात आधी मधलं एखादं पान उघडा आणि पुढे-मागे चाळत जा. काही पानांनंतर घडीच्या बेचक्यात दोरा दिसला पाहिजे. कण्याच्या टोकाला रंगीत पट्टी असते, तिच्यावर भाळू नका. तिला हेडबँड म्हणतात आणि आजकाल ती बहुतेक वेळा नुसती चिकटवलेली असते. मग उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडून पुस्तक टेबलावर ठेवा, त्यानंतर प्रकटीकरणाचा शेवटचा. मध्यावर स्तोत्रसंहितेत कुठलंही जाड पुस्तक शहाण्यासारखं पडून राहतं. खरा ताण दोन्ही टोकांना असतो आणि पानंही तिथूनच सुटतात.

शिलाई किती टिकते? ब्रिटिश लायब्ररीत योहानाच्या शुभवर्तमानाची एक चिमुकली प्रत आहे, १३८ मिलिमीटर उंच आणि ९२ रुंद. इंग्लंडच्या ईशान्येकडल्या मठात आठव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिहिली गेली आणि संत कथबर्ट यांच्या शवपेटीत ठेवली गेली. ११०४ साली डरहॅमला पेटी उघडली तेव्हा ती सापडली. लाकडी फळ्या, त्यांवर बकऱ्याचं लालसर कातडं, त्यात उठावाची वेल. मूळ बांधणीसह अखंड राहिलेलं युरोपातलं हे सर्वांत जुनं पुस्तक. २०१२ साली लायब्ररीनं ते नव्वद लाख पौंडांना विकत घेतलं. शिलाई तेराशे वर्षांपूर्वीचीच आहे.

आता चामडं. बायबलच्या बाजारात बकऱ्याचं कातडं वरच्या दर्जाचं मानतात आणि ते योग्यच आहे. ते मऊ असतं, चिवट असतं आणि वापरानं आणखी देखणं होतं. वासराचं जास्त गुळगुळीत, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात. ‘बाँडेड लेदर’ असं छापलेलं दिसलं, तर तो चामड्याचा चुरा आणि चिकटद्रव्य यांचा पत्रा आहे, हे लक्षात ठेवा. माझ्या आत्याची फसगत त्यातच झाली होती. चार वर्षांत घडीवर त्याचे पापुद्रे निघाले. त्यापेक्षा साधं रेक्झिन प्रामाणिक, ते चामडं असल्याचा आव तरी आणत नाही.

पण अस्सल कातडंही कसं कमावलंय, त्यावर सगळं अवलंबून असतं. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं नेमलेल्या समितीनं १९०१ साली अहवाल दिला. जुनी पुस्तकं शाबूत होती आणि नव्या पुस्तकांच्या पाठी लाल भुकटी होऊन झडत होत्या, ते का, हा त्यांचा प्रश्न. ज्या कातड्यांना त्यांनी सर्वांत वाईट ठरवलं, त्यांत आपल्याकडून जाणारी ‘ईस्ट इंडिया’ कमावणीची मेंढी-बकऱ्याची कातडी होती. दहा वर्षांच्या आत ती कुजल्याची उदाहरणं त्यांना मिळाली. ती कमावत कशानं? तरवडाच्या सालीनं. आपल्या माळावर पिवळा फुलतो तोच हा तरवड! त्याच्यातलं टॅनिन गॅसच्या दिव्यांनी आणि कोळशाच्या धुरानं भरलेल्या हवेतलं आम्ल शोषून घेई. सुमॅक नावाच्या झुडपाच्या पानांनी कमावलेली कातडी मात्र टिकत. चप्पल, मोट यांना तरवड उत्तमच होता. पुस्तकाचं आयुष्य वेगळं.

सोनेरी कडा नुसत्या शोभेच्या नसतात, वरची कड धूळ आत जाऊ देत नाही. खुणेच्या फितींबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही, दोन असाव्यात.

कागद मात्र उजेडासमोर धरून पाहा. पातळ कागदात मागच्या ओळी दिसणारच. चांगला छापखाना दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या बरोबर पाठीवर आणतो, म्हणजे ओळींमधली जागा स्वच्छ राहते. ऑक्सफर्डनं १८७५ साली ज्या पातळ पण अपारदर्शक कागदावर बायबल काढलं, त्याला ‘इंडिया पेपर’ म्हणतात. त्याचा भारताशी संबंध नाही. मूळ नमुना पूर्वेकडचा होता, आणि पूर्वेकडून आलं ते सगळं त्यांना ‘इंडिया’च.

मराठीत अशी निवड करायला वाव कमी आहे, हे मान्य. पण केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली-बायकांनी खिळे जुळवून अख्खं बायबल छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, त्यांचं भाषांतर १९२४ साली पूर्ण छापून निघालं. त्या छपाईतली प्रत कुणाच्या घरी असेल तर तिला रद्दीचा रस्ता दाखवू नका. पावसाळ्यात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, बुरशी येते. झिपवाल्या कव्हरालाही हेच लागू.

दुकानात दोन प्रती समोर आल्या, एक चिकटवलेली चामड्याची आणि एक शिवलेली रेक्झिनची, तर शिवलेली घ्या. उरलेल्या पैशांत दहा वर्षांनी तिला बकऱ्याचं कातडं चढवता येतं. गोंदाच्या बायबलमध्ये मागाहून दोरा घालायला बाइंडर सहसा तयार होत नाही. नगरच्या त्या माणसानंही माझं बायबल तसंच परत दिलं होतं.