हुकूम नसलेला साहेब
(तालुका शिबिरात केलेले भाषण)



साहेब म्हटला की आपल्याला जीप, फाइल आणि "उद्या या" एवढंच आठवतं. आज मी एका साहेबाबद्दलच बोलणार आहे. डॉ. ब्रह्मदेव शर्मा त्यांचं नाव.

शिकले गणित, ते पण डॉक्टरेटपर्यंत. मग आय.ए.एस. झाले आणि बस्तरचे कलेक्टर म्हणून आले. बस्तर म्हणजे गोंड, मुरिया, माडियांचा मुलूख, आपल्या गडचिरोलीला लागूनच. पुढे दिल्लीत गृहखात्यात गेले. पाचव्या योजनेत आदिवासी उपयोजना आली, तिची आखणी करणाऱ्यांत ते होते. आपलं प्रकल्प कार्यालय त्याच योजनेतून आलं.

त्या काळात बस्तरचं सालाचं जंगल तोडून पाइन लावायचं ठरत होतं. पैसा जागतिक बँकेचा. सालाच्या बियांवर, पानांवर माणसं जगतात. पाइनवर कोण जगणार? शर्मांनी विरोध केला. 1981 साली नोकरी सोडली आणि शिलाँगच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

1986 मध्ये सरकारनं त्यांना अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त नेमलं. हे पद तेव्हा घटनेच्या 338 कलमात होतं. पण ऐका, या आयुक्ताला साध्या तलाठ्यालाही हुकूम देता येत नव्हता. चौकशी करायची आणि राष्ट्रपतींना अहवाल लिहायचा, एवढंच काम. अहवाल कपाटात पडून राहायचे. शर्मांनी मात्र असं लिहिलं की दिल्लीला वाचावंच लागलं. त्यांच्या 29 व्या अहवालाचं सार माझ्या शब्दांत सांगतो: आदिवासी जंगलात घुसला नाही, सरकारचा कायदा त्याच्या घरात घुसला आणि त्यालाच अतिक्रमणदार म्हणाला.

त्यातूनच 18 सप्टेंबर 1990 ची केंद्राची परिपत्रकं निघाली. 1980 पूर्वीची कसणूक तपासा, वनगावांना महसुली गाव करा, असं त्यांत आहे. आपण प्लॉटसाठी मोर्चे काढतो तेव्हा हेच कागद दाखवतो.

पद सुटल्यावर ते घरी बसले नाहीत, बस्तरला परतले. मावलीभाट्याच्या पोलाद कारखान्याला गावांचा विरोध होता, ते गावांच्या बाजूनं उभे राहिले. 1992 मध्ये जगदलपुरात कारखान्याच्या बाजूच्या लोकांनी त्यांना मारहाण केली, कपडे फाडून धिंड काढली. माजी कलेक्टरची ही गत, तर तुमची-माझी काय? तरी ते "मावा नाटे मावा राज", आमच्या गावात आमचं राज, हे सांगत फिरतच राहिले.

24 डिसेंबर 1996 ला पेसा कायदा आला. त्यासाठी झगडणाऱ्यांत ते पुढे होते. या कायद्यात पाडासुद्धा गाव होऊ शकतो, आणि जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारावं लागतं. गेलेली जमीन परत मिळवायचा अधिकारही त्यात आहे. राज्याला आपले कायदे बदलायला तेव्हा एक वर्ष दिलं होतं.

पण सगळ्यात मोठ्या आयुक्ताचा कागद नुसता पडून राहू शकतो, तर पेसाचाही राहील. साहेबानं लिहायचं ते लिहिलं. आता वही आपल्या हातात पाहिजे. प्रत्येक पाड्यानं सभा बोलवा. कोणाचा प्लॉट कुठे, किती वर्षं कसतो, कोणाची जमीन कशी गेली, हे बायांच्या हजेरीसकट ठरावाच्या वहीत लिहा. सह्या घ्या, अंगठे घ्या. फॉरेस्टवाला आला की आधी ती वही पुढे करा.

जिंदाबाद!