मेद

मेद म्हणजे शरीरात साठलेली चरबी. आयुर्वेदातील रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या सात धातूंपैकी हा चौथा. बोलण्यात ‘चरबी’ रूढ असली, तरी ‘अंगात चरबी आली’ म्हटले की माजाचा टोमणा येतो. वैद्यकीय लिखाणात म्हणून ‘मेद’ सोयीचा. आहारातील तेल-तुपाला मात्र ‘स्निग्ध पदार्थ’ म्हणतात. मेद प्रमाणाबाहेर वाढणे म्हणजे मेदोवृद्धी.

मेद हा ऊर्जेचा साठा आहे. एक ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्वचेखालचा मेद चिमटीत धरता येतो. तो शरीराची ऊब राखतो. तान्ह्या बाळाच्या पाठीवर, खांद्यांच्या मध्ये तपकिरी मेद असतो. तो स्वतःच उष्णता निर्माण करतो. पोटातील अवयवांभोवतीचा मेद चिमटीत येत नाही, आणि तोच अधिक घातक. त्याने मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. अंगाने सडपातळ माणसातही तो असू शकतो. म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजावी. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानला जातो.