दूध पचणे आणि न पचणे



बुरहानपूरच्या उत्तरेस उभा असलेला असीरगड आसा अहिर नावाच्या गोधनसंपन्न गवळ्याने बांधला, अशी परंपरागत कथा आहे. शहराचा लौकिक सांगायचा तर मावा जिलबीचे नाव आधी निघते. दुधाशी इतके जुने नाते असलेल्या या गावातही पेलाभर दुधाने कोणाचे पोट फुगते, कोणाला मुरडा येतो. घरातील वडीलधारी मंडळी अशा माणसाला ‘नाजूक प्रकृतीचा’ ठरवून मोकळी होतात. पण हा खरोखर प्रकृतीचा दोष आहे काय?

दुधातील साखरेला दुग्धशर्करा अर्थात लॅक्टोज म्हणतात. लहान आतड्यातील लॅक्टेज हे विकर तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन भाग करते, तेव्हाच ती रक्तात शोषली जाते. सस्तन प्राण्यांत आईचे दूध सुटल्यावर हे विकर घटत जाते. जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांच्या बाबतीतही हेच घडते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथील जिवाणू ती आंबवून वायू निर्माण करतात. म्हणजे न पचणे हा निसर्गाचा मूळ नियम होय. आयुष्यभर पचणे हाच अपवाद.

हा अपवाद पशुपालनामुळे रुजला. लॅक्टेजच्या जनुकाशेजारील एका अक्षराच्या बदलाने हे विकर प्रौढपणीही टिकते, असे २००२ साली फिनलंडमधील संशोधकांनी दाखवले. भारतीयांत आढळणारा मुख्य बदल युरोपीयांतील बदलाशी एकाच मुळाचा असल्याचे २०१२ साली सिद्ध झाले. देशाच्या वायव्येस त्याचे प्रमाण अधिक, दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आहे. पशुपालक समाजांत मात्र ते विशेष आढळते. आफ्रिकेतील गुराख्यांत तेच कार्य निराळ्या बदलांनी स्वतंत्रपणे साधले.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. युरोपात हा बदल सर्वत्र पसरण्यापूर्वी हजारो वर्षे माणसे दूध वापरीत होती, हे प्राचीन मडक्यांत मुरलेल्या स्निग्धांशावरून कळते. जनुक मागून आले. दुधाचा वापर आधीच रूढ होता. दुधाचे दही होताना जिवाणू बरीचशी शर्करा आम्लात बदलतात. चक्का बांधताना ती निवळीबरोबर निथळते, तुपात तर जवळजवळ उरतच नाही. मावा मात्र याच्या उलट! दूध आटून त्यात शर्करा शेकडा २० च्या आसपास जाते. म्हणून ताक सोसणाऱ्यालाही मावा जिलबी जड जाऊ शकते.

दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही निराळी बाब; तिला वैद्यकीय सल्लाच हवा. दुग्धशर्करा न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना जेवणासोबतचे थोडे दूध सोसते. तेव्हा अशा व्यक्तीला आग्रहाने पेला पाजू नये आणि दूधदुभत्यातून कायमचे हद्दपारही करू नये. तिच्या पानात दही वाढावे. तिचा देह बिघडलेला नाही. मानवजातीची जुनी रीत तो पाळतो आहे, इतकेच.