तळातला संघ वर कसा येतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दुधनीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. तुरीचा हंगाम आला की सकाळी लिलाव सुरू होतो. फरशीवर ढीग ओतलेले असतात, ढिगाशेजारी शेतकरी उकिडवा बसलेला असतो आणि खरीददारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत जातो. नवा खरीददार वरची मूठ उचलतो, तळहातावर फुंकर मारतो आणि भाव बोलतो. जुना खरीददार बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घालतो. वरचा दाणा सगळ्यांचाच चांगला असतो. ओल, खडा, माती जे काही असेल ते तळाशी.

हे सांगायचं कारण, प्रो कबड्डीचा खेळाडूंचा लिलाव टीव्हीवर लागला की मी तो याच नजरेने पाहतो. आमच्या गावच्या कबड्डी संघाची वहीही माझ्याकडेच असते, त्यामुळे हरणाऱ्या संघाचा हिशेब काय असतो, हे मला थोडंफार ठाऊक आहे. आज मी बोलणार आहे ते पुण्याच्या व्यावसायिक संघाबद्दल, पुणेरी पलटणबद्दल. तळाला गेलेला संघ पुन्हा कसा बांधतात, याचं याहून चांगलं उदाहरण आपल्या महाराष्ट्रात मला तरी दिसत नाही.

प्रो कबड्डी लीग जुलै 2014 मध्ये सुरू झाली. संघ आठ होते आणि पुणेरी पलटण आठवी आली. 2015 च्या दुसऱ्या हंगामातही पुन्हा आठवी! शेजारची यू मुंबा मात्र त्याच दोन्ही हंगामांत अंतिम फेरीत होती आणि 2015 साली तिने विजेतेपदही मिळवलं. म्हणजे माती तीच, पाऊसही तोच, आणि एका शेतात पीक तर दुसऱ्यात नुसतं तण.

अशा वेळी मालकाला पहिला उपाय सुचतो तो पैशाचा. 2016 च्या सुरुवातीला तिसऱ्या हंगामात पुण्याकडून मनजीत छिल्लर, अजय ठाकूर असे नावाजलेले खेळाडू मैदानात उतरले. गुणही लगेच आला. संघ तिसरा आला आणि त्याच वर्षीच्या चौथ्या हंगामातही तिसरा. लोकांना वाटलं, जमलं. पण दुकानातून आणलेल्या माणसांवर उभा केलेला संघ पुढच्या लिलावात पुन्हा विखुरतो. 2018 च्या लिलावात पुण्याने नितीन तोमरसाठी 1 कोटी 15 लाख रुपये मोजले. त्या वर्षी कोटीचा आकडा पहिल्यांदाच ओलांडला गेला होता, पेपरात मोठाले मथळे आले होते. आणि संघ? 2018 आणि 2019, दोन्ही हंगामांत बाद फेरीसुद्धा गाठता आली नाही.

मी हसणार नाही, कारण आम्हीही हेच केलं होतं. ओळीने तीन वर्षं आमचा संघ जवळपासच्या स्पर्धांतून पहिल्याच फेरीत परतत होता. मग वर्गणी काढली आणि बाहेरगावचे तीन खेळाडू आणले. येण्याजाण्याचं भाडं, जेवण, शिवाय सामन्यामागे रोख. पोरं तयारीची होती, खोटं कशाला बोलू? पण साखळीची पकड करायच्या वेळी कोपऱ्यावरचा पाहुणा झेपावला आणि त्याच्या हातात हात असलेला आमचा पोरगा जागेवरच थांबला. हात सुटला, चढाई करणारा मधून निघून गेला. असं एकदा नव्हे, चार वेळा. कबड्डीत सात जण मैदानात असतात, पण बचाव करताना ते सात राहून चालत नाही. शेजारचा कोणत्या श्वासाला झेप घेणार, हे न बघता कळावं लागतं, आणि ते भाड्याने मिळत नाही. त्या वर्षीचं खर्चाचं पान मी अजून फाडलेलं नाही.

पुण्याचं पान उलटलं ते 2021-22 च्या हंगामात. करोनामुळे सगळे सामने बंगळूरला, प्रेक्षकांशिवाय झाले. प्रशिक्षक होते अनुप कुमार. संघात राहुल चौधरी आणि नितीन तोमर अशी मोठी नावं होती, पण सुरुवात वाईट झाली. मग हळूहळू चढाईची जबाबदारी दोन नवख्या पोरांकडे गेली. एक आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. दोघांनीही त्या हंगामात शंभरावर गुण केले आणि रखडलेला संघ बाद फेरीत पोचला. तिथे उत्तर प्रदेशच्या संघाकडून हरला, ते वेगळं.

ही पोरं लिलावात बोली लावून आणलेली नव्हती. लीगच्या नियमात नव्या तरुण खेळाडूंसाठी वेगळी वाट आहे आणि पुण्याने ती मनापासून धरली. ‘युवा पलटण’ या नावाने पोरं वेगळी घडवली, एकत्र ठेवली, एकत्र खेळवली. आकाश शिंदे, गौरव खत्री, तमिळनाडूचा अबिनेश नादराजन अशी एक अख्खी फळी तयार झाली. ढिगाच्या तळात हात घालणं म्हणतात ते हे. आणि याला वेळ लागतो. वेळ देणारा मालक हा महागड्या खेळाडूपेक्षा दुर्मीळ, असं माझं मत आहे.

फळी तयार झाल्यावर मग पुण्याने पैसा काढला. 2022 मध्ये इराणचा फजल अत्राचली 1 कोटी 38 लाखांना घेतला, त्याच्याच देशाचा मोहम्मद नबीबख्श 87 लाखांना. प्रशिक्षक म्हणून आले कर्नाटकचे बी. सी. रमेश, 2019 साली बंगालला विजेतेपद मिळवून दिलेले. संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेला. 17 डिसेंबर 2022 ला मुंबईत जयपूरकडून 33-29 असा हरला. जखमी अस्लम त्या सामन्यात नव्हता.

आता इथे पुण्याने जे केलं, ते बघून मी खुर्चीत सरळ बसलो. अंतिम फेरी गाठून देणाऱ्या फजलला त्यांनी पुढच्या वर्षासाठी ठेवलंच नाही. गुजरातने त्याला 1 कोटी 60 लाखांना नेला. पुण्याने पोरं ठेवली आणि बचावासाठी तरुण मोहम्मदरझा शादलू आणला, तब्बल 2 कोटी 35 लाखांना. त्या वर्षी एका संघाला सगळ्या खेळाडूंसाठी मिळून पाच कोटींची मर्यादा होती. म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एकाच माणसावर रिकामी केली. हे धाडस परवडलं, कारण बाकीचं घर भरलेलं होतं. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाखांवर बोली लावली. पवन हा शादलूपेक्षा कमी खेळाडू नाही. पण तो हंगाम संपला तेव्हा तेलुगू संघ बारांत बारावा होता. 22 सामन्यांत दोन विजय. आणि पुणे 96 गुणांसह गुणतक्त्यात पहिलं. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरियाणाला 28-25 असं हरवून पुणेरी पलटण विजेती झाली. कर्णधार होता अस्लम इनामदार आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. आधी घरचं बियाणं, मग विकतचं खत. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही.

अमेरिकेत बास्केटबॉलमध्ये याहून वेगळी तऱ्हा आहे. तिथे तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक असते, दुबळ्याला आधार म्हणून. फिलाडेल्फियाच्या संघाने या सोयीचा असा हिशेब मांडला, की काही वर्षं जाणीवपूर्वक दुबळा संघ उतरवला. 2015-16 मध्ये 82 सामन्यांत त्यांनी फक्त 10 जिंकले. चांगली पोरं त्यांना मिळालीही, पण विजेतेपद काही त्या मार्गाने आलं नाही. मला विचाराल तर हरायची सवय लावून घेणं हा फार महाग सौदा आहे. आमच्या पोरांना तीन वर्षांत ती लागली होती. सामना सुरू व्हायच्या आधीच कुणी परतीच्या गाडीची वेळ विचारायला लागलं, की समजावं.

पण बांधणीतला खरा अवघड भाग आणण्याचा नसतो, थांबवण्याचा असतो. लिलावात ते सोपं दिसतं. यादीतून एक नाव वगळायचं, बस्स. एखाद्या खेळाडूला सोडलं आणि मग चुटपुट लागली, तर दुसऱ्याच्या शेवटच्या बोलीइतके पैसे देऊन त्याला परत घेण्याची सोयही तिथे आहे. आमच्या यार्डात अशी सोय असती, तर निम्मे अडते रात्री शांत झोपले असते!

आमच्या संघाचा डावा कोपरा सोळा वर्षं माझे थोरले बंधू सांभाळत होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. घोट्याला हात घातला की समोरचा बसलाच. पण पाहुणे आणून हरलो त्या वर्षी अण्णा अडतीस वर्षांचे होते आणि गुडघा पट्टी बांधल्याशिवाय वळत नव्हता. यार्डातल्या एका हमालाचा मुलगा, सतरा वर्षांचा, सहा महिने बाहेर बसून होता. पोरं कुजबुजायची, पण तोंड उघडायचं कुणी? वही माझ्याकडे, म्हणून काम माझ्याकडे आलं. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात गेलो. आमच्या घरात बोलणं कन्नडमध्ये आणि हिशेब मराठीत. त्या रात्री मला दोन्ही सुचेना. शेवटी म्हणालो, “अण्णा, यंदा तुम्ही बाहेर बसून पोरांना सांगा.” ते काही बोलले नाहीत. सुपारी कातरत राहिले. पुढे आठ महिने मैदानाकडे फिरकले नाहीत. घरात माझ्याशी बोलणं होतं ते भाकरी, दूध आणि लाइट बिलापुरतं.

मी केलं ते बरोबर होतं. पण सांगायची रीत चुकली, असं मला आजही वाटतं. आधी पोरगा त्यांच्या हाताखाली द्यायला हवा होता आणि मग जागा मागायला हवी होती. त्या वर्षी आम्ही बाहेरचं कुणी आणलं नाही. पहिल्या फेरीतच हरलो. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत गेलो. त्या दरम्यान कधीतरी अण्णा त्या पोराला आमच्याच अंगणात घोट्याची पकड दाखवताना मला दिसले. मी मागच्या दाराने आत गेलो.

पुण्याची गोष्टही विजेतेपदापाशी संपली नाही. पुढच्या लिलावात शादलू 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर 2024 मध्ये हरियाणा विजेता झाला; तोही पुण्यात, बालेवाडीत! पुण्याचा संघ आठवा आला. अस्लमला दुखापतीने हंगाम अर्ध्यावर सोडावा लागला होता. लोकांनी लगेच सुतक धरलं. पण 2025 मध्ये, प्रशिक्षक म्हणून परतलेल्या अजय ठाकूरच्या हाताखाली, तीच घरची फळी पुन्हा अंतिम फेरीत पोचली. 31 ऑक्टोबरला दिल्लीत दिल्लीकडूनच 31-28 असे तीन गुणांनी हरली. मला हा पराभव त्या विजेतेपदापेक्षा मोलाचा वाटतो. दोन कोटींचा माणूस गेल्यावरही घर उभं होतं, ते त्या दिवशी दिसलं.

आमच्या डाव्या कोपऱ्यावरच्या त्या पोराला आता कलबुर्गीकडे नोकरी लागली आहे. सणावाराला येतो, सामन्यांना येता येत नाही. जागा रिकामी आहे. परवा वही उघडून अण्णांच्या पुढ्यात ठेवली आणि दोन नावं वाचली. एक सोळा वर्षांचा, एक अठराचा. त्यांनी चष्मा लावला, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि अगदी तळाच्या तिसऱ्याच नावावर बोट ठेवलं. तो पोरगा अजून चौदाचाही नाही. मी तसं म्हणालो, तर कन्नडमध्येच म्हणाले, “बरलि, नोडोण.” येऊ दे तर खरं, बघू.